कॅराव्हॅनचा मैला कुठे सोडणार?

महोदय,

राज्याचे कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ साली आले. कॅराव्हॅन म्हणजे झोपणे, स्वयंपाक, संडास सगळे आतच असलेली गाडी. तशी गाडी आतून पाहिली ती गेल्या उन्हाळ्यात, अमेरिकेत लेकीकडे गेलो तेव्हा. जावईबापूंनी भाड्याने घेतली होती. वळणावर मागचा भाग बाहेर फेकला जातो, हे मला सांगावे लागलेच, जन्म एस.टी. चालवण्यात गेला.

मुक्काम न्यूयॉर्क राज्यात, कायुगा तलावाकाठच्या टगॅनॉक फॉल्स उद्यानात. धबधबा २१५ फूट, नायगारापेक्षा ३३ फुटांनी उंच. पाणी मात्र बेताचेच. श्रावणातला आमचा ठोसेघर त्याला हार जाणार नाही. पण पायवाट! पाऊण मैल, जवळजवळ सपाट, दोन्ही बाजूंना पापुद्रे सुटलेले कडे. माझ्या गुडघ्यांनीही कुरकुर केली नाही. दगड निसटतात म्हणून वाट सोडायला बंदी आहे.

निघताना गाडी 'डंप स्टेशन'वर, म्हणजे टाक्या रिकाम्या करण्याच्या जागी, लावली. जावईबापूंनी हातमोजे चढवले, जाड पाइप जोडला, आधी संडासाची टाकी सोडली, मग मोरीच्या पाण्याची, म्हणजे त्याच पाण्याने पाइप धुऊन निघतो. तलावात थेंबही नाही.

उद्या कोयनेच्या किंवा भंडारदऱ्याच्या काठी अशी गाडी उभी राहिली, तर ती टाकी कुठे रिकामी करणार? ओढ्यातच ना? पर्यटन खात्याने कॅराव्हॅन तळाला परवानगी देण्याआधी ही सोय जागेवर जाऊन तपासावी.

– एक निवृत्त एस.टी. चालक, सातारा