'सर्व्हर डाऊन'ची पाटी लावण्याआधी स्विचला विचारा

संपादक साहेब, नमस्कार.

एका दाखल्यासाठी माणूस कामावर खाडा करून येतो, दोन तास रांगेत उभा राहतो आणि खिडकीवर कागद चिकटवलेला असतो, 'सर्व्हर डाऊन आहे'. हे इतकं रोजचं झालंय की नेमकं काय बंद पडलंय हे कुणी विचारतही नाही. मी अशाच एका ऑफिसचं नेटवर्क बघतो म्हणून लिहितोय, बऱ्याचदा सर्व्हर ठणठणीत असतो, मधलंच काहीतरी गेलेलं असतं.

आमच्याकडे दिवसातून तीन-चारदा नेट जायचं आणि पाच मिनिटांत परत यायचं. मेंटेनन्सवाला येईपर्यंत सगळं चालू, तो सही घेऊन निघून जायचा. शेवटी मी वीसेक ओळींची एक स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) लिहिली, ती दर पाच मिनिटांनी प्रत्येक स्विचला (म्हणजे विजेचं बटण नव्हे, ऑफिसातले कॉम्प्युटर केबलने नेटवर्कला जोडणारा डबा) एकच प्रश्न विचारते, बाबा तू किती वेळापासून चालू आहेस? दुसऱ्याच दिवशी कळलं, बाकीचे स्विच शंभर-दोनशे दिवस सांगतायत आणि दुसऱ्या मजल्यावरचा एकटा चाळीस मिनिटं! जाऊन बघतो तर त्याचा प्लग ढिल्या एक्स्टेन्शन बोर्डात आणि त्याच बोर्डावर चहाची इलेक्ट्रिक किटली. कित्येक महिने लोक ताटकळले ते एवढ्यासाठी, हे आठवलं की अजून वाईट वाटतं.

यात नवीन काहीच नाही हो. स्क्रिप्ट ज्या भाषेत विचारते ती एसएनएमपी, म्हणजे नेटवर्कवरच्या उपकरणांना त्यांची खुशाली विचारायची ठरलेली पद्धत, १९८८ पासून आहे, मॅनेज्ड (म्हणजे नेटवर्कवरून हाताळता येणारे) स्विच, राउटर, ऑफिसातले मोठे प्रिंटर, यूपीएसमधलं नेटवर्क कार्ड, बहुतेक सगळ्यांना ही भाषा येते. यूडीपी पोर्ट १६१ वर (या प्रश्नांसाठी ठरलेला नेटवर्कवरचा क्रमांक) प्रश्न गेला की उत्तर येतं, केबल लावायचा कुठला पोर्ट अप आहे कुठला डाऊन, कुठल्या केबलवर एरर वाढतायत (म्हणजे बहुधा क्रिंपिंग, केबलच्या टोकाला प्लग बसवण्याचं काम, खराब), यूपीएस अजून किती मिनिटं तग धरेल. त्यासाठीचं नेट-एसएनएमपी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, जुन्या पीसीवर लिनक्स टाकून क्रॉनला (ठरल्या वेळी काम आपोआप चालवणारी लिनक्समधली सोय) लावलं की झालं.

फक्त आकडे समजून वाचायला लागतात. चालू असण्याचा वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागात येतो आणि साधारण ४९७ दिवसांनी तो आकडा परत शून्यावर जातो, तेव्हा स्विच रिस्टार्ट झाला असं समजून धावू नका. तसंच ट्रॅफिक, म्हणजे किती डेटा गेला-आला, ते मोजणारा जुना ३२ बिटी काउंटर एक गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर ३४ सेकंदांतच फिरून शून्यावर येतो, पाच मिनिटांनी वाचलात तर हिशोब साफ चुकणार, तिथे मोठा, ६४ बिटी काउंटरच घ्या.

आणि एक गोष्ट खरंच काळजीची आहे. अनेक ठिकाणी या प्रश्नोत्तरांचा पासवर्ड अजूनही 'पब्लिक' असाच ठेवलेला सापडतो. एसएनएमपीच्या व्हर्जन १ आणि २सी मध्ये तो वायरवरून उघडा जातो, कुणीही वाचावा. व्हर्जन ३ मध्ये एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करून पाठवणं) आहे, ते २००२ मध्येच पक्कं झालंय, तेच वापरा, परवानगी फक्त वाचण्याची द्या आणि तीही एकाच कॉम्प्युटरला.

माझी मागणी साधी आहे. तहसील असो, सरकारी दवाखाना असो की झेडपीची शाळा, नेटवर्कचं टेंडर निघताना त्यात दोन ओळी घाला: प्रत्येक उपकरणाचा आयपी पत्ता आणि पोर्टची यादी लेखी मिळाली पाहिजे, आणि स्टेटस वाचण्यापुरता पासवर्ड ऑफिसच्या ताब्यात पाहिजे. वस्तू जनतेच्या पैशाची आणि किल्ली ठेकेदाराच्या खिशात, हे चालणार नाही. आमच्याच इमारतीतल्या तीन रॅकपैकी (स्विच वगैरे बसवलेली कपाटं) दोन रॅकची माहिती मी मागून मागून मिळवली, तिसऱ्याचा पासवर्ड अजून दिलेला नाही, त्यासाठीचा माझा अर्ज टेबलावर पडून आहे. नागरिकांची खिडकी त्याच रॅकवर चालते.

आपला,
नेटवर्कची देखभाल करणारा एक वाचक