सही आधी, ठराव नंतर : ग्रामविकास मंत्र्यांना खुलं पत्र

मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

साहेब, मी आमच्या वस्तीवरच्या बचत गटाची हिशेबनीस. शिक्षण बारावी, पण गेली नऊ वर्षं गटाचं इतिवृत्त माझ्याच अक्षरात आहे. त्यामुळे वहीतली कुठली ओळ बैठकीत लिहिलेली आणि कुठली नंतर कोंबलेली, हे मला शाईवरून आणि दोन ओळींतल्या अंतरावरून कळतं. हे पत्र ग्रामसभेच्या वहीत अशाच कोंबलेल्या ओळींबद्दल आहे.

आमच्या वस्तीवरून शाळेकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात रस्ता राहत नाही. पोरं चपला हातात घेऊन जातात आणि शाळेच्या हापशावर पाय धुऊन वर्गात बसतात. गेल्या वर्षी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेआधी महिला सभा झाली. ती घ्यावीच असं कायदा सांगतो, आणि आमच्याकडे ती झाली हेही नशीब. चाळीसेक बायका होतो. सगळ्यांनी एकच सांगितलं : पंधराव्या वित्त आयोगाकडून ग्रामपंचायतीला आलेल्या अबंधित पैशातून आधी हा रस्ता करा. आपल्याला ठाऊकच आहे, या निधीतला ६० टक्के पैसा पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता, उरलेल्या अबंधित ४० टक्क्यांत गावानं आपली गरज ठरवायची होती. गावात भांडणं व्हायची ती या चाळीस टक्क्यांवरूनच.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि निम्मं गाव घरी गेलं. गणपूर्तीला, म्हणजे सभा भरली असं धरायला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातला कमी असेल तो आकडा लागतो. आमच्याकडे हजारावर मतदार, म्हणजे शंभर माणसं हवीत. मोजली तर साठसुद्धा नव्हती. सभा तहकूब.

तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. काही जण तर पहिल्या सभेला मुद्दाम येत नाहीत आणि तहकूब सभेला वेळेआधी हजर असतात. पाच दिवसांनी ती झाली तेव्हा तेवीस माणसं होती, त्यात आम्ही सहा बायका. रस्त्याचा विषय निघाला. मंदिरापुढे पेव्हर ब्लॉक हवेत असं एकानं मध्येच म्हटलं, त्यावर थोडी आरडाओरड झाली, मग सरपंचच म्हणाले, "ब्लॉक पुढच्या वेळी बघू, पोरांचा रस्ता आधी." बरं वाटलं. हजेरीच्या पानावर सह्या केल्या आणि घरी आलो. ठराव असा कुणी लिहिला नाही. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी एका कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं चार शब्द टिपून घेतले, एवढंच.

पुढे दोन महिन्यांनी मंदिरापुढे ब्लॉकची ट्रॉली रिकामी झाली. मी दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहितीच्या अधिकारात अर्ज केला, पानाला दोन रुपये भरले आणि इतिवृत्ताची नक्कल घेतली. रस्त्यापुढे लिहिलं होतं : "निधीच्या उपलब्धतेनुसार पुढील आराखड्यात घेण्यात यावा." आणि शेवटी, मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांत, पेव्हर ब्लॉक. सर्वानुमते मंजूर. त्या पानावरची अक्षरं खाली खाली बारीक होत गेली होती, कारण खाली आमच्या हजेरीच्या सह्या आधीच होत्या, त्यांच्या वर जेवढी जागा उरली होती, तेवढ्यातच सगळं बसवायचं होतं.

सूचक म्हणून ज्यांचं नाव लागलं होतं, ते आमच्या शेजारचे आजोबा. त्या दिवशी ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तालुक्याला होते. त्यांना वाचून दाखवलं तर म्हणाले, "मी सुचवलं? मला तर तेव्हा दिसतसुद्धा नव्हतं."

मी पंचायत समितीत लेखी तक्रार दिली. उत्तर आलं ते असं, की ठराव ग्रामसभेनं मंजूर केलेला असल्यामुळे त्यात हस्तक्षेप करता येत नाही. म्हणजे ग्रामसभेचा मान राखला म्हणायचा!

मी ग्रामसेवकांना चोर ठरवायला बसलेली नाही. त्यांच्याकडे आमच्यासारखी आणखी दोन गावं आहेत, दाखले आहेत, घरकुलाच्या याद्या आहेत, रोज एखादी ऑनलाइन माहिती भरायची असते. ते इतिवृत्त आठवड्यानं लिहितात, आणि त्या आठवड्यात त्यांच्या टेबलाशी कोण कोण चहा घेऊन जातं हे गाव बघतं. कोरी जागा समोर असली की कुणीतरी ती भरायला येणारच. सरपंचांचंही तसंच. सभेत ते मनापासून बोलले असतील, नंतर कुणी तरी मन वळवणारं भेटलं असेल. गावातही दोष आहे. जिलेबीला थांबणारी माणसं विषयपत्रिकेला थांबत नाहीत, हे मी कुणाला सांगू?

पण साहेब, हाच कारभार तुमच्याच खात्याच्या दुसऱ्या खोलीत वेगळा चालतो. बचत गटांचं 'उमेद' अभियान ग्रामविकासचंच ना? तिथं आम्हाला पंचसूत्री शिकवली : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि नोंदी अद्ययावत. आमच्यात दोन बायका अंगठा लावतात. त्यांच्यासाठी म्हणून उठण्याआधी मी सगळं इतिवृत्त मोठ्यानं वाचते. कुणाचं कर्ज किती, कुणी हप्ता चुकवला, कोण काय बोललं. एकदा मी पाचशेच्या जागी पन्नास वाचलं तर वाचता न येणाऱ्या आजीनंच थांबवलं. वाचून झालं की शेवटच्या ओळीखाली सह्या आणि अंगठे, आणि पानावर जागा उरली तर तिरपी रेघ. प्रशिक्षणाला आलेल्या ताईंनी ती रेघ इतक्या वेळा मारून दाखवली होती, की माझी मुलगी शाळेच्या वहीतही मारायला लागली.

दहा बायकांच्या शंभर-शंभर रुपयांना ही शिस्त लागते, आणि गावाच्या लाखोंच्या निधीला नाही?

ठरावात ताकद असते हे सरकारला माहीत नाही असंही नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला, आणि १७ मे ला तुमच्याच खात्यानं इतर गावांनी तो कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. तेरा दिवसांत! गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) तर बहुमतावरही समाधान मानत नाही, सगळ्यांची संमती होईपर्यंत बोलत बसतं. आमच्या गावाला तेवढा धीर नाही, कबूल. आम्हाला निदान बोललो तेच लिहिलेलं हवं.

केंद्राच्या पंचायतराज मंत्रालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये 'सभासार' आणलं. सभेचं रेकॉर्डिंग दिलं की ते इतिवृत्ताचा मसुदा काढून देतं म्हणे. आमच्या सभेतली आरडाओरड त्याला किती उमजेल, देव जाणे. पण जे कुणी बोललंच नाही, ते तरी त्यात यायला नको. ते आणा, जरूर आणा. मात्र त्याची वाट बघत बसायची गरज नाही, कारण मी मागतेय त्याला पेन आणि पट्टी पुरते.

सभा संपण्याआधी प्रत्येक ठराव सूचक-अनुमोदकांच्या नावासकट मोठ्यानं वाचला जावा. सह्या हजेरी म्हणून आधी होतातच, त्या वाचून झाल्यावर शेवटच्या ठरावाखालीही व्हाव्यात, आणि उरलेल्या जागेवर रेघ मारली जावी. त्या पानाचा फोटो त्याच दिवशी फलकावर आणि गावाच्या ग्रुपवर लागावा, म्हणजे नकलेसाठी कुणाला अर्ज करत बसायला नको. आणि तहकूब सभेत, जिथं वीस-पंचवीस माणसं असतात, तिथं ऐनवेळचा विषय म्हणून पैशाचा कुठलाच ठराव घेता येऊ नये. यासाठी कायदा बदलायचा की परिपत्रक पुरेल, ते तुमचे अधिकारी सांगतील.

येत्या २६ जानेवारीला पुन्हा ग्रामसभा आहे. आदल्या दिवशीच्या महिला सभेत रस्त्याचा विषय आम्ही परत मांडतोय. आजोबाही येणार आहेत. त्यांना आता चांगलं दिसतं. म्हणालेत, वही पुढे आली की आधी स्वतः वाचेन, मग सही. मी पट्टी घेऊन जाईन.

आपली,
एका बचत गटाची हिशेबनीस