फोमबोर्डची विंग: रविवारी येण्याआधी वाचा

सर्व सभासदांना नमस्कार. रविवारी सकाळी ८ वाजता नेहमीच्या हॉलमध्ये विंग, म्हणजे रिमोटवर उडणारं बिनशेपटीचं छोटं विमान, बनवायला बसतोय. कटर, स्टीलची पट्टी आणि ग्लू गन ज्याची त्याने आणावी.

बोर्ड घेताना दुकानदार 'एकच आहे' म्हणून सनबोर्ड गळ्यात मारतात. घेऊ नका, तो पीव्हीसीचा आणि जड असतो. आपल्याला ५ मिलिमीटरचा, दोन्ही बाजूंना कागद असलेला हलका फोमबोर्ड हवा. फेव्हिक्विकही नको, आतला थर्मोकोलसारखा फोम त्याने विरघळतो.

मागच्या वेळी निम्म्या विंग पहिल्याच फेकीत नाकावर आपटल्या किंवा उलट्या झाल्या. माझीही, आणि कारण एकच: गुरुत्वमध्य मागे. विंगला शेपटी नसते, त्यामुळे चूक सावरायला काही उरत नाही. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढून-मागे मोजलेल्या सरासरी रुंदीच्या पुढून १५ ते २० टक्क्यांवर हवा. दोन बोटांवर तोलून बघा आणि बॅटरी पुढे सरकवा. पंखामागच्या दोन्ही पट्ट्या, म्हणजे एलेव्हॉन, सुरुवातीला २-३ मिलिमीटर वर ठेवा. रिमोटमध्ये एलेव्हॉन मिक्सिंग (त्याच दोन पट्ट्यांनी वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही करणारी सेटिंग) आधीच लावून आणा. स्टिक मागे ओढल्यावर दोन्ही पट्ट्या वर जायला हव्यात, उजवीकडे नेल्यावर उजवी वर आणि डावी खाली.

मोटरचा पंखा (प्रोपेलर) मागे असतो, म्हणून विंग हातातून सुटल्यावरच थ्रॉटल द्यायचा, म्हणजे मोटर फिरवायची. बोटं मोलाची आहेत.

मैदानावर जाण्याआधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जागा ग्रीन झोनमध्ये (परवानगीशिवाय उडवता येतं अशा भागात) आहे ना, ते पाहायचं. तिथेही १२० मीटरच्या वर नाही. विंगच्या लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी चार्जिंगला लावून चहाला जाणाऱ्यांनी यावेळी घरूनच चार्ज करून आणाव्यात.