मीना की रेझिन, एवढं तरी बिलावर लिहा

संपादक महाशय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या गेल्या रविवारच्या पुरवणीत दागिन्यांत घरच्या घरी रंग भरण्यावर पानभर मजकूर आला होता. चांदीच्या किंवा पितळेच्या लॉकेटात रंगीत रेझिन (उजेडानं घट्ट होणारं पातळ प्लास्टिक) भरायचं, नेलपॉलिशवाल्यांकडे असतो तसल्या दिव्याखाली दोन मिनिटं ठेवायचं, की झाली मीनाकारी, असा एकूण सूर. बायकांना उद्योग सुचवला याबद्दल तक्रार नाही. मला त्यातला एक शब्द खटकला आणि एक फोटो. शब्द म्हणजे 'मीनाकारी'. खरी मीना म्हणजे धातूवर भट्टीत भाजून चढवलेली रंगीत काच. फोटोत एक ताई ओलं रेझिन उघड्या बोटानं पुसत होत्या.

मी सोनार नाही. चौतीस वर्षं इचलकरंजीत डेंटल मेकॅनिक होतो. म्हणजे दातांचे डॉक्टर माप घेऊन पाठवतात आणि कवळी, कॅप, ब्रिज बनवून देतो तो माणूस. गावातल्या बऱ्याच मंडळींचं हसू माझ्या टेबलावरून गेलंय, त्यांना माझं नाव ठाऊक नसलं तरी. त्या टेबलाच्या डाव्या हाताला पोर्सेलिनची भट्टी असायची आणि उजव्या हाताला निळ्या प्रकाशाचा दिवा. या दोन वस्तूंमधला फरक माझ्या पोटापाण्याचा होता, म्हणून लिहितोय.

पोर्सेलिनची कॅप म्हणजे धातूच्या टोपीवर चढवलेली काच. बारीक पूड पाण्यात कालवायची, ब्रशनं थर लावायचा, टिश्यूनं पाणी टिपायचं आणि नऊशे अंशांच्या आसपास भाजायचं. धातू आणि काच थंड होताना सारख्या प्रमाणात आकसली नाहीत, तर भट्टीतून काढल्यावर 'टिक्' असा आवाज येतो आणि दिवसाचं काम वाया जातं. बहीण हुपरीत दिली, तेव्हा तिच्याकडे जाता-येता एका म्हाताऱ्या कारागिराला खरी मीना भरताना पाहिलं. काच खलात कुटून, पाणी नितळ होईपर्यंत धुऊन, खोदलेल्या चांदीत टोकदार सळईनं भरत होता. मग सुकवणं, मग आठशे अंशांच्या अलीकडे-पलीकडे भट्टी, परत भर, परत भट्टी. मला वाटलं, हा तर आपलाच भाऊबंद. त्यालाही तो 'टिक्' आवाज ओळखीचा होता.

उजवीकडच्या निळ्या दिव्याची गोष्ट निराळी. दातात जे पांढरं भरतात ते कॉम्पोझिट. त्यातलं मुख्य रेझिन अमेरिकेत दंतसंशोधक बोवेन यांनी शोधलं, त्याचं पेटंट १९६२ चं. त्यात काचेची किंवा सिलिकाची अगदी बारीक पूड असते आणि चिमूटभर कॅम्फरक्विनोन. नावातच कापूर आहे, आणि ते बनतंही कापरापासून. हा पिवळा पदार्थ ४७० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा निळा उजेड पितो आणि रेझिनला घट्ट व्हायला लावतो. वीसेक सेकंदांत लोण्याचा दगड. हौशी कामाचं बाटलीतलं रेझिन याच घराण्यातलं, फक्त त्याला ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा, जांभळ्याकडे झुकणारा उजेड लागतो. म्हणून एकाचा दिवा दुसऱ्याला चालेलच असं नाही. दागिन्यांसाठी खास बनवलेला मालही आहे: जर्मनीत फोर्त्सहाइम हे सोनारांचं शहर, तिथून सिरॅमिकची पूड घातलेलं 'कोलोरिट' जगभर विकलं जातं. वस्तू हलकी नाही, हे आधी सांगतो. भट्टीत जे मोती, पोवळी, खडे टिकत नाहीत, त्यांच्या शेजारीसुद्धा रेझिनचा रंग भरता येतो. चांदीचे झाळलेले सांधे उकलण्याची भीती नाही. आणि ज्या छटा काचेत जमवायला वर्षं जातात, त्या इथं दुपारी जमतात.

पण ती काच नव्हे. प्लास्टिकच्या जातीची वस्तू आहे, आणि तिला 'मीना' म्हटलं की काय होतं ते माझ्या भाचीच्या पैंजणांनी दाखवलं.

लग्नात तिला सासरकडून पैंजण आले. मोठ्या शहरातल्या दुकानातले. दुकानाचं नाव लिहीत नाही. मोरपंखी आणि लाल रंगाची कुयरी, दिसायला देखणी. बिलावर चांदीचं वजन ११८ ग्रॅम आणि पुढे 'मीना वर्क' म्हणून मजुरी वेगळी, चांगली सणसणीत. दोन वर्षांत रंगावर बारीक ओरखडे आले. बहीण म्हणाली, "दादा, मी तर नुसत्या दंतमंजनानं घासले." माझा सगळा जन्म दातात गेलेला, तिला काय बोलणार? खरी मीना दंतमंजनाला अशी दाद देत नाही. रेझिन काचेपेक्षा बरंच मऊ. तिथंच मला शंका यायला हवी होती. पुढे एक कडी तुटली म्हणून भाची ते पैंजण इथल्याच एका सोनाराकडे घेऊन गेली. त्याने मीना म्हणून विश्वासानं ज्योत लावली. कडीपासून बोटभर अंतरावरचा मोर काळा पडला, फसफसला, धूर झाला आणि दुकानात जळक्या प्लास्टिकचा वास. सोनार बिचारा घामाघूम. भाचीनं त्यालाच चार शब्द सुनावले. चूक त्याची नव्हती. ज्यानं बिलावर 'मीना' लिहिलं त्याची होती, आणि तो शंभर किलोमीटर लांब गल्ल्यावर बसला होता.

पैंजण माझ्याकडे आले. उरलेला रंग कोरून काढला आणि तोलला: दीड ग्रॅमला थोडा कमी. चांदीची घनता साडेदहा, रेझिनची एक-सव्वा, त्यामुळे रंग डोळ्यांत भरतो तेवढा काट्यावर भरत नाही. हे दीड ग्रॅम ११८ मध्येच होते, म्हणजे चांदीच्या भावानं गेले. पण त्यासाठी मी पत्र लिहिलं नसतं. काचेची मीनासुद्धा चांदी नव्हेच, मोडीत तिचीही घट धरतात. माझं म्हणणं मजुरीबद्दल आणि नावाबद्दल आहे. आमच्या धंद्यात पेशंटला आधीच विचारतात, पोर्सेलिनची कॅप घालायची की कॉम्पोझिट भरून भागवायचं? दोन्हींचे पैसे वेगळे, आयुष्य वेगळं. कॉम्पोझिट भरून पोर्सेलिनचं बिल लावणाऱ्या डॉक्टरला तुम्ही काय म्हणाल? मग सराफाच्या पेढीवर हा प्रश्न विचारायला आपल्याला संकोच का वाटतो?

हॉलमार्क असलेल्या दागिन्याच्या बिलावर मौल्यवान धातूचं निव्वळ वजन आणि शुद्धता वेगळी दाखवावी लागते. चांदीला १ सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी क्रमांकाचा (प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक) हॉलमार्क आला, पण तो ऐच्छिक. तो शिक्का चांदीची ग्वाही देतो, तिच्यात भरलेल्या रंगाबद्दल काही बोलत नाही. तिथं दुकानदारानं स्वतःहून एक ओळ लिहायची आहे: 'रंग: रेझिन' किंवा 'रंग: भट्टीची मीना'. पेनातली शाई सोडून काही खर्च नाही.

रेझिनचं काम चांगलं होत नाही असंही कुणी समजू नये. पण ते चांगलं करायला लेखात दिलेली दोन मिनिटं पुरत नाहीत. दातात उजेड थोडाफार आजूबाजूनंही झिरपतो, चांदीतून झिरपत नाही. खोदलेल्या घराच्या कडेला सावली पडते आणि तिथलं रेझिन कच्चं राहतं. काळा, गडद निळा, दाट पांढरा या रंगांत उजेड खोल जात नाही. वरून नख लागत नाही म्हणून पक्कं समजावं, तर तळाशी अजून चिकट असतं. तेच पुढे पायाच्या घामानं आणि धक्क्यानं सुटतं. म्हणून थर पातळ, मिलिमीटरच्या आतला, आणि प्रत्येक थराला वेगळा उजेड. गुळगुळीत चांदी रेझिनला धरत नाही. बारीक वाळूच्या माऱ्यानं ती खरबरीत करावी लागते. आमच्याकडे मौल्यवान धातूसाठी गंधकाची संयुगं असलेला प्राइमर, म्हणजे रेझिनला धातूशी धरून ठेवणारा पहिला हात, वापरतात. गंधक चांदीला काळं करतं हे घरोघरी माहीत आहे, त्याच ओढीचा हा उपयोग. आणि शेवटचा थर घट्ट झाला तरी पृष्ठभाग चिकट राहतो, कारण हवेतला प्राणवायू वरच्या पापुद्र्याला घट्ट होऊ देत नाही. आम्ही वरून ग्लिसरीन लावून पुन्हा उजेड देतो. फोटोतल्या ताई बहुधा तोच चिकटपणा पुसत असाव्यात.

आता त्या बोटाबद्दल. हुपरीत चांदीचं काम घराघरांत चालतं. कुणी कड्या जोडतं, कुणी घुंगरू लावतं. बहिणीच्या गल्लीत रंग भरण्याचं काम आता चार-पाच घरांत येतं, आणि ते बायकाच करतात, स्वयंपाकघराच्या ओट्यावर, पोरं शाळेत गेली की. दिवाळीत गेलो तर एकीनं बोटं दाखवली. टोकं लाल, सोललेली, भेगाळलेली. साबणानं झालं असेल म्हणत होती. मी ती बोटं लगेच ओळखली. माझी स्वतःची कवळ्यांच्या मोनोमरनं, म्हणजे कवळीचं प्लास्टिक ज्यापासून बनतं त्या द्रवानं, तशीच झाली होती, वयाच्या तिसाव्या वर्षी. न घट्ट झालेलं रेझिन कातडीत शिरतं. काही जणांच्या अंगाला ते एकदा नकोसं झालं की जन्मभर नकोसं राहतं. मग उद्या दातात कॉम्पोझिट भरतानाही डॉक्टरला सांगावं लागतं. रबरी हातमोजे घातले म्हणून निर्धास्त राहू नये, साध्या रबरातून हा द्रव काही मिनिटांत आरपार जातो. नायट्राइलचे घालावेत आणि डाग पडला की लगेच बदलावेत. बोटाला लागलं तर साबण-पाण्यानं धुवावं. थिनरनं पुसलं तर ते आणखी आत जातं. दिव्याकडे टक लावून बघू नये, आम्ही नारिंगी काच धरतो ती उगाच नाही. उरलेलं रेझिन मोरीत ओतायचं नाही. उन्हात ठेवलं की घट्ट होतं, मग टाकावं. याच कारणानं बाटली खिडकीत ठेवू नये, हेही शिकायला एकीची पूर्ण बाटली गेली.

युरोपीय संघानं नखांच्या जेलमध्ये उजेडानं रेझिन घट्ट करणाऱ्या टीपीओ नावाच्या रसायनावर बंदी घातली, तीही १ सप्टेंबर २०२५ पासूनच, प्रजननक्षमतेला धोका म्हणून. ती बंदी सौंदर्यप्रसाधनांपुरती आहे, दागिन्यांच्या रेझिनला लागू नाही. पण बाटलीवर घटकांची यादीच नसेल, तर ओट्यावर बसलेल्या बाईला आत काय आहे ते कळणार कसं? बिनयादीची बाटली घेऊ नका, एवढं आपल्या पुरवणीनं एका चौकटीत छापलं असतं तर बरं झालं असतं. अजूनही छापता येईल.

भाचीचे पैंजण मी माझ्याच टेबलावर परत भरले. निवृत्त झालो तरी निळा दिवा ठेवलाय. मोरपंखी रंग नीट जमला, लाल जरा फिका पडला. दाजींनी डबी आणून दिली, तिच्या झाकणाच्या आतून मी एक चिठ्ठी चिकटवली: 'रंग रेझिनचा आहे. आच लावू नये. दंतमंजनानं घासू नये.' भाची म्हणाली, "मामा, हे कोण वाचणार?" पुढचा सोनार वाचेल.

आपला,
एक निवृत्त डेंटल मेकॅनिक, इचलकरंजी