'कॅश' नावाचा पेशंट

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मेडिकल दुकानांच्या तपासणीची बातमी आली की शेवटी एक ओळ ठरलेली असते, 'रेकॉर्डमध्ये त्रुटी आढळल्या'. वाचणाऱ्याला वाटतं हा नक्की काहीतरी गोलमाल करत असणार. काही जण करतातही, मी नाही म्हणत नाही. पण ही त्रुटी म्हणजे बऱ्याचदा नक्की काय असतं ते काउंटरच्या आतल्या बाजूने सांगावं म्हणून लिहितोय.

आमचं दुकान चिपळूणला बाजारपेठेत. 2005 च्या पुरात पाणी कुठवर आलेलं त्याची खूण भिंतीवर होती, म्हणून आम्ही लय शहाणपणा करून सगळ्या फायली त्याच्या वरच्या फळीवर ठेवल्या होत्या, आणि 22 जुलै 2021 ला पाणी त्या फळीच्याही वर गेलं. औषधं गेली ती गेलीच, पण फायलींचा जो लगदा झाला तो फावड्याने काढावा लागला. बॅकअप होता की! पेनड्राइव्हमध्ये होता. आणि पेनड्राइव्ह गल्ल्यात.

मग विम्याचा सर्व्हेअर म्हणाला स्टॉक किती होता दाखवा, खरेदीची बिलं दाखवा. दोन्ही चिखलात. सीएने जीएसटी पोर्टलवरून 2बी, म्हणजे आमच्या खरेदीच्या बिलांचा तक्ता, काढून दिलं, त्यात स्टॉकिस्टचं नाव, बिल नंबर, तारीख, रक्कम सगळं होतं, आम्हाला हायसं वाटलं. पण बॅच नंबर नाही नि एक्सपायरी नाही, आणि औषधाच्या कायद्याला तर नेमकं तेच लागतं. शेवटी एकेका स्टॉकिस्टला फोन करून जुनी बिलं परत प्रिंट करून घेतली, त्यांनी दिली बिचाऱ्यांनी, महिना गेला त्यात. एच-1 चं रजिस्टर, म्हणजे काही ठराविक औषधं कुणाला विकली त्याची वही, मात्र कोण देणार, ते एकच असतं आणि हाताने लिहिलेलं. पंचनाम्याची कॉपी जोडून अर्ज दिला आणि नवं रजिस्टर पहिल्या पानापासून सुरू केलं.

हे एच-1 काय ते बऱ्याच लोकांना माहीत नसतं. 1 मार्च 2014 पासून हा नियम आहे, सुरुवातीला 46 औषधं होती यादीत, वरच्या दर्जाची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं, अल्प्राझोलमसारख्या झोपेच्या-चिंतेच्या गोळ्या, ट्रामाडॉल वगैरे. यातलं काही विकलं की चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि 3 वर्षं सांभाळायचं. शेड्यूल एक्स म्हणून आणखी कडक नियमांच्या औषधांची यादी आहे, तिच्या चिठ्ठीची कॉपी 2 वर्षं. जीएसटीची बिलं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून 72 महिने. एकाच दुकानात एकाच कपाटात प्रत्येक कागदाचं आयुष्य वेगळं, त्यामुळे कुठला रद्दीत टाकायचा तेही धड कळत नाही आणि सगळेच घाबरून सगळंच ठेवतात, मग हवं ते सापडत नाही.

आता खरं सांगतो. एच-1 मध्ये सेफिक्सिम आहे, आणि पावसाळ्यात त्या गोळ्या दिवसातून दहा वेळा जातात. समोर सात माणसं उभी, एक जण यूपीआय झालं का विचारतोय, एकाला शेळीच्या जंताचं औषध पायजे, अशात रजिस्टर कोण उघडणार? रात्री बसून लिहितात, काही जण महिन्याचं एकदम लिहितात, एकाच पेनने एकाच अक्षरात. आम्हीही लिहिलंय, खोटं कशाला बोलू.

खरेदीची बाजू सगळ्यांची चोख असते कारण तिच्यावर टॅक्सचं क्रेडिट मिळतं. विक्रीच्या बाजूला पेशंटचं नाव 'कॅश' आणि डॉक्टरचं नाव 'सेल्फ'. सप्टेंबर-ऑक्टोबर 2025 मध्ये मध्य प्रदेशात छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने लहान मुलं गेली तेव्हा हे किती पोकळ आहे ते मला कळलं. त्या औषधाचा, कोल्ड्रिफचा, एसआर-13 बॅच आपल्या राज्यातही थांबवायला सांगितला होता. आमच्याकडे तो बॅच आलाय का ते दोन मिनिटात बघितलं, नव्हता आला, सुटलो. पण त्या रात्री मी उगाच दुसऱ्याच एका सिरपचा बॅच टाकून बघितला, समजा हाच खराब निघाला तर कुणाला फोन करायचा? अकरा बाटल्या गेलेल्या. नऊ 'कॅश', एक शेजाऱ्याची आणि एक माझ्याच मेहुणीकडे.

यात सगळा दोष दुकानदाराचा नाही हेही लिहायला हवं. नाव विचारलं की गिऱ्हाईक चिडतं, "गोळ्या देतोस की आधार कार्ड काढतोस?" आणि गाव लहान, झोपेची गोळी किंवा टीबीचं औषध नेणाऱ्याला आपलं नाव चोपडीत नकोच असतं, उद्या ती चोपडी कोण चाळेल सांगता येत नाही. त्यांचंही बरोबर आहे ना. म्हणून ते रजिस्टर काउंटरवर उघडं टाकून ठेवणं आम्ही बंद केलं, आता ते आत ड्रॉवरमध्ये असतं, कुलूप लावून.

1 ऑगस्ट 2023 पासून 300 ब्रँडच्या औषधांवर क्यूआर कोड आलाय, त्यात बॅच, एक्सपायरी सगळं असतं. तो स्कॅन केला की बिलात आपोआप चढलं तर अर्धं काम होईल, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये तरी ते अजून होत नाही, विचारलं की 'पुढच्या अपडेटमध्ये' म्हणतात.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी त्रुटीची बातमी छापाल तेव्हा कुठलं रजिस्टर, काय नव्हतं, हेही छापा. आणि तुमच्या वाचकांनी मेडिकलमध्ये नाव आणि मोबाईल नंबर विचारला तर द्यावा, तो स्कीमच्या मेसेजसाठी नसतो. बॅकअप मी आता रोज रात्री डब्याच्या पिशवीतून घरी नेतो. घर आमचं घाटीवर आहे.

आपला,
एक औषध विक्रेता, चिपळूण