पाळणाघराचे कूपन पगाराच्या वर हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अक्कलकोट रोड औद्योगिक वसाहतीतील एका टॉवेल कारखान्यात मी अकरा वर्षे शिलाई खात्यात काम करते. गेल्या पावसाळ्यात आमच्यातील एकीचा सव्वा वर्षाचा मुलगा टॉवेलांच्या गठ्ठ्यांमागे झोपवलेला असे आणि घरी निघताना ती आधी त्याच्या पापण्यांवर बसलेला कापसाचा भुगा पदराने पुसत असे. त्याचा खोकला हटेना, तेव्हा तिने काम सोडले. आता ती घरीच विड्या वळते. मांडीवर तंबाखूचे सूप आणि शेजारी तेच लेकरू.

पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी आणि आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ द्यावे, अशी तरतूद २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती लाभ कायद्यात आली. आमच्या कारखान्यात चाळीसही माणसे नाहीत आणि शेजारच्या यंत्रमागांवर तर त्याहून कमी. मग आम्ही लेकरे ठेवायची कुठे? अंगणवाडी दुपारीच सुटते, पाळी मात्र संध्याकाळी.

अशा ठिकाणी मालकाने पाळणाघराचे कूपन द्यावे आणि ते घराजवळच्या पाळणाघरात चालावे, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून आठवड्याला ५० आणि २००६ पासून ५५ पौंडांपर्यंतच्या अशा कूपनांवर कर लागत नसे. परंतु बहुतेक ठिकाणी ती रक्कम कामगाराच्याच पगारातून वळती होई, मालकाने योजना घेतली नाही तर कामगाराला काहीच मिळत नसे आणि स्वतःचा धंदा करणाऱ्यांना तर ती लागूच नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती नव्या लोकांसाठी बंद झाली. तिच्या जागी आलेल्या व्यवस्थेत पालकाने खात्यात ८ पौंड भरले की सरकार २ पौंड घालते, आणि तिथे मालकाची मध्यस्थी लागत नाही.

करसवलतीचा आम्हाला काडीचाही उपयोग नाही, कारण आमचा पगार कराच्या मर्यादेपर्यंत पोहोचतच नाही. म्हणून सोलापुरात कूपन द्यायचे तर ते पगाराच्या वर द्यावे लागेल. पगारातून कापून दिलेले कूपन म्हणजे आमचेच पैसे आम्हाला परत देणे होय. एकट्या छोट्या मालकाला हा भार पेलणार नाही, हे मी मान्य करते. मात्र अनेक आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालवण्याची मुभा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये आहे, तेव्हा यंत्रमागधारक आणि टॉवेल उत्पादकांनी वसाहतीपुरता एक निधी उभारावा, महापालिकेने जागा द्यावी आणि विडी कारखानदारांनीही त्यात वाटा उचलावा. घरी विड्या वळणारी बाई पाने-तंबाखू कारखान्यातूनच आणते. तिच्या मुलालाही ते कूपन मिळाले पाहिजे. आणि पाळणाघर दुसरी पाळी सुटेपर्यंत उघडे राहिले पाहिजे.

आपली,
एक कामगार महिला,
सोलापूर