दारू घेतली तरी गोळी चुकवू नका, हे स्पष्ट सांगायला हवे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

जागतिक एड्स दिनाच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून एचआयव्हीविषयी जे लेखन होते, त्यात संसर्ग कसा टाळावा याची माहिती भरपूर असते. मात्र उपचार घेणाऱ्या माणसाच्या दारूचा विषय 'व्यसनापासून दूर राहा' एवढ्या एका वाक्यात आटोपला जातो. मी काही वर्षे एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या केंद्रात, समुपदेशनाचे काम केले आहे आणि या वाक्याने कधी कधी भल्याऐवजी नुकसानच होते, असे माझे मत झाले आहे.

औषध न्यायला येताना रुग्णाने आधीची बाटली सोबत आणायची आणि आम्ही तिच्यात उरलेल्या गोळ्या मोजायच्या, अशी पद्धत असते. एखाद्याच्या बाटलीत चार गोळ्या जास्त निघाल्या आणि त्याला न रागावता विचारले, की त्या चारही रविवारच्या निघतात. "रविवारी घेतलेली असते मॅडम, तिच्यावर गोळी घेतली तर अंगावर येईल," असे उत्तर मी अनेकांकडून ऐकले. हा माणूस निष्काळजी नसतो; उलट तो आपल्या परीने काळजीच घेत असतो. पण तीसपैकी सव्वीस गोळ्या म्हणजे ८७ टक्के, आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात अपेक्षा ९५ टक्क्यांहून अधिकची आहे. खाडे असेच पडत राहिले, तर विषाणूला पुन्हा वाढायला आणि औषधाला दाद न द्यायला वाव मिळतो.

दारूवर औषध घेऊ नये, ही समजूत केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेत अटलांटा येथे सेथ कॅलिचमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत हेच आढळले, की दारू आणि औषध एकत्र झाले तर विषबाधा होईल या भीतीने लोक जाणूनबुजून गोळी टाळतात, म्हणजे डोस चुकतो तो केवळ नशेत विसर पडल्याने नव्हे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या, चाळीस अभ्यासांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या संशोधनानुसार न पिणाऱ्यांच्या तुलनेत पिणाऱ्यांकडून औषध नियमित घेतले जाण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास भरते. यातला काही भाग तरी आपण दिलेल्या अर्धवट सल्ल्याच्या खात्यावर टाकावा लागेल. सध्या बहुतेकांना दिली जाणारी टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्रॅविर यांची रोजची एकत्रित गोळी दारू घेतलेल्या दिवशी टाळावी, असे तिच्यात काही नाही. हे रुग्णाला त्याच्या भाषेत आणि आडपडदा न ठेवता सांगितले गेले पाहिजे.

याचा अर्थ दारूला मोकळीक द्यावी असा नाही, आणि कोणी तो तसा काढू नये. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या दीर्घकालीन पाहणीवर आधारित २०१६ सालच्या एका शोधनिबंधात असे दिसले, की एचआयव्ही नसलेल्या पुरुषांत महिन्याला सत्तर किंवा अधिक पेगांपासून मृत्यूचा धोका वाढलेला आढळतो, तर एचआयव्ही असलेल्यांत तो तिसापासूनच. तिथला पेग १४ ग्रॅम मद्यार्काचा धरतात. आपल्या ४२.८ टक्क्यांच्या १८० मिलिलिटर क्वार्टरमध्ये असे सव्वाचार पेग मावतात, म्हणजे तीस पेगांचा हिशेब महिन्याला सातच क्वार्टरवर येतो. आपल्याकडे एवढ्या पिणाऱ्याला कोणी दारुडा म्हणत नाही, तो स्वतःला तर मुळीच समजत नाही. शिवाय क्षयरोग होऊ नये म्हणून दिले जाणारे आयसोनियाझिड आणि दारू यांचा मारा यकृतावर एकत्र होतो. तिथे मात्र खरोखर जपावे लागते, आणि त्या काळात पिणे चालू असेल तर ते डॉक्टरांना कळलेच पाहिजे. कावीळ ब किंवा क सोबत असेल, तर धोका आणखी वाढतो.

पण कळणार कसे? रागावणाऱ्याला कोणी खरे सांगत नाही. मागील काही आठवड्यांतले पिणे दाखवणाऱ्या रक्तचाचणीशी ताडून पाहिले असता रुग्ण तोंडी फार कमी सांगतात, हे युगांडातील संशोधनात दिसून आले आहे. आमच्या नोंदीतही 'मद्यपान : नाही' असे लिहिलेले आणि समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाला वास, असे प्रसंग यायचे.

समुपदेशनाने फरक पडतो की नाही, अशी शंका घेणाऱ्यांसाठी व्हिएतनामच्या थाय न्गुयेन प्रांतातील सात केंद्रांवर दारू पिणाऱ्या ४४० एचआयव्ही रुग्णांवर झालेली चाचणी पाहण्यासारखी आहे. वर्षभराने नेहमीचे उपचार घेणारे साधारण निम्मे दिवस कोरडे होते, तर समुपदेशन मिळालेले जवळपास दोनतृतीयांश दिवस. आणि विशेष म्हणजे दोन भेटी व दोन फोन एवढ्या थोडक्या समुपदेशनाचा गुण सहा बैठकांच्या कार्यक्रमाइतकाच आला. मुंबई परिसरातील पाच एआरटी केंद्रांवरही पिणाऱ्या पुरुष रुग्णांसाठी वैयक्तिक समुपदेशन, गटचर्चा आणि रुग्णांनी मिळून करायचा पाठपुरावा असे तीन मार्ग आजमावले गेले असून, देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचा त्यात सहभाग होता. म्हणजे हा विषय आपल्या दवाखान्यांना परका राहिलेला नाही. गर्दीच्या दिवशी समुपदेशकाला माणशी पाच मिनिटेही मिळत नाहीत, ही अडचण मी जाणते; परंतु किती वेळा पिता, एका बैठकीत किती, आणि सहा किंवा अधिक पेग किती वेळा होतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीतून घेतलेले तीन प्रश्न विचारायला दोन मिनिटे पुरतात.

हे तीन प्रश्न दर तिमाहीच्या औषधवाटपाच्या वेळी विचारले जावेत, उत्तर काहीही आले तरी गोळ्या थांबवण्याची धमकी दिली जाऊ नये आणि 'प्यायलात तरी आजची गोळी आजच घ्या' हे वाक्य केंद्रांच्या भिंतीवरील फलकांवर यावे, अशी राज्याच्या आरोग्य खात्याला आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त समुपदेशक,
पश्चिम महाराष्ट्र